परड्यातला देवकापूस : बी सुटं करण्यापासून फुलवात वळण्यापर्यंत

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांच्या परड्यात, आडाच्या कडेला किंवा गोठ्यामागे, कपाशीचं एखादं उंच झाड दिसतं. वर्षभराच्या वाती आणि वस्त्रमाळा त्याच्याच कापसावर निघतात. नवीन घर बांधलं की लोक शेजारून मूठभर सरकी आणून तेच झाड पुन्हा लावतात. तक्रार मात्र ठरलेली असते. झाड माणसाच्या डोक्यावर गेलं, पानं तळहाताएवढी झाली, पण बोंड काही धरत नाही. बहुतेक वेळा यामागे एकच चूक असते : शेतातल्या कपाशीचे नियम या झाडाला लावले जातात. देवकापूस हे सहा महिन्यांचं पीक नाही. ते अनेक वर्षं जगणारं झाड आहे, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं आहे आणि फुलायचं कधी हे ते रात्रीच्या लांबीवरून ठरवतं. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली की बाकीची कामं आपोआप जागेवर बसतात.

आधी झाड ओळखा

देवकापूस हे नाव दोन अगदी वेगळ्या झाडांना आहे. पहिलं आपल्याच भूमीतलं, गॉसिपियम आर्बोरियम. याचं फूल बहुधा लालसर, बोंड लहान आणि खाली झुकलेलं, रुई (सरकीवरचा कापूस) आखूड. सरकीवर मऊ लव असते, त्यामुळे रुई ओढून काढताना ती सरकीला धरून राहते. या जातीची शेती सिंधूच्या खोऱ्यात फार प्राचीन काळापासून होत आली आहे.

दुसरं झाड बाहेरून आलेलं, गॉसिपियम बार्बाडेन्स. हा लेख त्याच्याबद्दल आहे. फूल पिवळं, पाकळीच्या बुडाशी गडद लाल डाग, आणि उमलल्यानंतर ते गुलाबी होत जातं. पान तीन ते पाच बोटांत खोल चिरलेलं, हात फिरवला तर जवळजवळ गुळगुळीत. बोंड लांबट, टोकदार, तीन कप्प्यांचं; सालीवर बारीक खळगे आणि त्यात काळे ठिपके. बोंडाला वेढणारी तीन मोठी हिरवी पानं कडेला करवतीसारखी खोल दातेरी असतात. देशी झाडाला तिथे टोकाशी जेमतेम दोन-चार दात असतात.

शंका राहिली तर फुटलेलं बोंड हातात घ्या आणि एका कप्प्यातला कापूस बाजूला सारा. सरकी काळी, चकचकीत, बिनलवेची असेल तर झाड बार्बाडेन्स. आणि त्या बिया सुट्या नसून दोन ओळींत एकमेकींना घट्ट चिकटून छोटा गठ्ठा झाला असेल, तर तो याच जातीतला खास प्रकार आहे. तो गठ्ठा मूत्रपिंडासारखा दिसतो म्हणून इंग्रजीत त्याला किडनी कॉटन म्हणतात. घरासाठी हाच उत्तम. कारण सरळ आहे : रुई चिमटीत धरून ओढली की सगळा पुंजका एका झटक्यात सुटतो आणि सरकीचा गठ्ठा दुसऱ्या हातात राहतो. ना सरकी काढायची चरकी लागते, ना गिरणीतलं जिनिंग.

सावरीच्या शेंगेतला कापूस याच्याशी गल्लत करून वातीसाठी घेऊ नका. तो सरकीवर उगवत नाही, शेंगेच्या आतल्या सालीवर येतो. त्याचा धागा सरळ आणि निसरडा असतो, पीळ धरत नाही. उशीला चांगला, वातीला नाही.

हे झाड आलं कुठून

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली या जातीला बार्बाडोस बेटावरून नाव दिलं, पण तिचं माहेर ते बेट नाही. दक्षिण अमेरिकेच्या वायव्य भागात, आजच्या पेरू-इक्वेडोरच्या किनारपट्टीकडे, माणसाने ही कपाशी हजारो वर्षांपूर्वी लागवडीला आणली. बिया चिकटलेला प्रकार अँडीज पर्वताच्या पूर्वेकडे, ॲमेझॉनच्या खोऱ्यात वाढला. युरोपी जहाजांची ये-जा सुरू झाल्यावर अमेरिकेतल्या कपाशी जगभर गेल्या. त्याच ओघात मिरची, पेरू, सीताफळ आपल्याकडे आले आणि घरचेच झाले. देवकापसाचंही तसंच झालं.

देशी कपाशीच्या पेशीत २६ गुणसूत्रं असतात, अमेरिकेतल्या लागवडीच्या कपाशीत ५२. दहा-वीस लाख वर्षांपूर्वी जुन्या जगातल्या (आशिया-आफ्रिकेकडच्या) कपाशीच्या एका पूर्वजाचा अमेरिकेतल्या रानकपाशीशी संकर झाला आणि दोघांची गुणसूत्रं एका झाडात एकत्र आली. शेतात दिसणारी अमेरिकन कपाशी, गॉसिपियम हिर्सुटम, ही त्याच संकराची दुसरी लेक. त्यामुळे देवकापूस आणि शेतातली कपाशी या बहिणी आहेत आणि त्यांच्यात परागण होतं. १९७२ साली धारवाडला तयार झालेलं वरलक्ष्मी वाण याच दोन जातींच्या संकरातलं. कापूस पिकवलेल्या जुन्या शेतकऱ्यांना हे नाव ठाऊक असेल. बी राखताना या नात्याचा संबंध पुन्हा येईल.

जागा आणि माती

दोन्ही जिल्ह्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस झपाट्याने घटतो. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर, तर माण, आटपाडी, जत भागात पाचशेच्या आसपास. त्यामुळे एकाच रीतीने सगळीकडे लावून चालत नाही.

उष्णता या झाडाला आवडते. सरकी उगवायला माती निदान २० अंश उबदार हवी आणि बोंडं भरायला दिवसा २७ ते ३२ अंश तापमान उत्तम. पूर्वेकडचा कडक उन्हाळा ते सहज सोसतं. त्याला मारतं ते मुळाशी साचलेलं पाणी. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर, कोयनेच्या बाजूला आणि शिराळ्याच्या पश्चिम पट्ट्यात झाड जगेल, पण चार महिने धुकं, ओल आणि उन्हाचा अभाव यामुळे कापूस फारसा मिळणार नाही. तिथे लावायचंच असेल तर उतारावर, घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीलगत, पागोळ्यांपासून दोन हात दूर लावा. वाई, कोरेगाव, कराड, वाळवा, तासगाव, मिरज हा मधला पट्टा आणि पूर्वेकडचे दुष्काळी तालुके मात्र या झाडाला मानवतात.

दिवसाला सहा तास तरी थेट ऊन हवं. आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या सावलीत झाड उन्हाच्या शोधात लांबत जातं आणि पाती, म्हणजे फुलांच्या कोवळ्या कळ्या, गाळतं. रस्त्यावरच्या किंवा अंगणातल्या रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या उजेडातही लावू नका. रात्र मोठी झाल्याचं कळलं तरच हे झाड फुलावर येतं. उजेडात त्याला ते कळत नाही.

आता खड्डा. मुरमाड जमिनीत ४५ सेंटीमीटर लांब, रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या. वरची माती दोन भाग, कुजलेलं शेणखत एक भाग आणि पाव किलो निंबोळी पेंड मिसळून तो भरा. मुरूम पाणी धरत नाही, तेव्हा शेणखतात काटकसर नको.

कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत हीच कृती उलटी पडते. काळ्या मातीत खोल खड्डा खणून वाळू-खताने भरला की पावसाळ्यात त्याची विहीर होते : भोवतीची चिकण माती पाणी जिरू देत नाही आणि सगळं पाणी त्या खड्ड्यात उतरतं. जुलै-ऑगस्टमध्ये झाड अचानक माना टाकतं, ते यामुळे. काळ्या रानात खड्डा करूच नका. जमीन कुदळीने वीतभर भुसभुशीत करा आणि तिच्यावर मीटरभर रुंद, २०-२५ सेंटीमीटर उंच मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावा.

मिरज, पलूस, वाळव्याकडे ज्यांचं परडं क्षारपड झालं आहे, त्यांनी निराश होऊ नये. मोठी झालेली कपाशी खारटपणा बऱ्यापैकी सोसते. नाजूक असतं ते रोप. म्हणून अशा ठिकाणी रोप पिशवीत चांगल्या मातीत दीड महिन्याचं करून मगच लावा, आणि उंचवटा इथेही हवाच. पाण्याची पातळी वर असलेल्या चोपण जमिनीत मात्र काहीच जमत नाही.

कुंडीत लावणाऱ्यांसाठी : ४० लिटरपेक्षा लहान भांडं घेऊ नका. सोटमूळ सरळ खाली जातं, उथळ कुंडीत ते तळाशी वेटोळं घालतं आणि दुसऱ्या वर्षी झाड खुरटतं. चाळीस लिटरच्या ड्रममध्येही जमिनीतल्या झाडाच्या निम्मी बोंडं मिळाली तरी ती चांगली समजा.

बी आणि रोप

मागच्या हंगामातली सरकी घ्या. फार जुनी असेल तर उगवण घटते. गठ्ठा रात्रभर, साधारण बारा तास, साध्या पाण्यात भिजवा. सकाळी तो अंगठ्याच्या दाबाने हलकेच वाकवला की बिया सांध्यातून सुटतात. कोरडा गठ्ठा सुरीने फोडू नका. साल चिरते आणि चिरलेली बी मातीत कुजते. भोक पडलेली, तरंगणारी किंवा तपकिरी, पोकळ वाटणारी बी फेकून द्या.

अक्षय्य तृतीयेला बी लावायची आपली जुनी चाल या झाडाला बरोबर जुळते. १५ सेंटीमीटर रुंद आणि निदान २० सेंटीमीटर उंच पिशव्या घ्या, तळाशी चार-पाच भोकं पाडा. माती दोन भाग, गाळलेलं शेणखत एक भाग, वाळू एक भाग. प्रत्येक पिशवीत दोन बिया, दोन सेंटीमीटर खोल, निमुळतं टोक खाली. मूळ त्याच टोकातून निघतं. उलटी लावलेली बीही उगवते, पण मुळाला वळसा घ्यावा लागतो आणि टरफल डोक्यावर घेऊन आलेलं रोप कित्येकदा तिथेच अडकतं.

आठ-दहा दिवसांत बी वर येते. रोप जमिनीलगत बारीक होऊन कोलमडलं तर समजा पाणी जास्त झालं. पिशवीची वरची माती सुकल्याशिवाय पुन्हा पाणी नको. दोन पानं आली की जोमाचं एक रोप ठेवून दुसरं कात्रीने कापा. उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात.

मृगाचा पाऊस लागून जमीन थंडावली की, चार-सहा पानांवर असताना, रोप जागेवर लावा. पिशवी ब्लेडने चिरून मातीचा गोळा अखंड उतरवा. गोळा फुटला आणि सोटमूळ तुटलं तर रोप जगतं, पण पुढे उन्हाळ्यात तग धरत नाही. दोन झाडांत तीन मीटर अंतर ठेवा. एका घराला दोन झाडं पुरतात, आणि एक मेलं तर दुसऱ्यावर बी राहते.

पहिलं वर्ष आणि पाणी-खत

रोप गुडघ्याएवढं झालं की शेंडा खुडा. नुसतं वर जाऊ दिलं तर दुसऱ्या वर्षी बोंडं शिडी लावून काढावी लागतात. खुडल्यावर खालून चार-पाच फांद्या फुटतात, त्याच पुढच्या काळाचा सांगाडा. पावसाळाभर झाड फक्त पानं काढतं. दिवस लहान होऊ लागले की, साधारण दसरा-दिवाळीच्या सुमाराला, पाती दिसू लागतात. जुलै-ऑगस्टात फुलं नाहीत म्हणून घाबरून युरिया टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. नत्र मिळालं की झाड आणखी पानं काढतं, फुलायचं लांबवतं आणि कोवळ्या पानांवर तुडतुडे (रस शोषणारे बारीक किडे) तुटून पडतात. पहिल्या वर्षी थोडीच बोंडं येतात. खरा कापूस दुसऱ्या वर्षापासून.

खत वर्षातून दोनदाच. मृगात बुंध्यापासून हातभर दूर गोल आळं करून पाच किलो शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड. परतीचा पाऊस संपताना दोन मुठी लाकडाची राख, म्हणजे बोंडांना पालाश मिळतं. चुनखडीच्या जमिनीत राख वगळा, ती चुनखडीपणा वाढवते.

पाऊस थांबल्यावर भारी जमिनीत दहा-बारा दिवसांनी आणि मुरमाड जमिनीत पाच-सहा दिवसांनी पाणी द्या. एका वेळेला दोन-तीन बादल्या. मोरीचं किंवा न्हाणीघराचं सांडपाणी कायम बुंध्याशी सोडणं बंद करा. परड्यातली कितीतरी झाडं त्यानेच मरतात. पहिली बोंडं फुटू लागली की पाणी निम्म्यावर आणा, नाहीतर खालची बोंडं फुटत असताना वर पुन्हा पालवी येते.

पातीगळ बघून जीव खालीवर करू नका. निरोगी कपाशीही निम्म्याहून जास्त पाती आणि कोवळी बोंडं स्वतःच गाळते. काळजी करायची ती सगळीच गळत असतील तेव्हा. मग कारण शोधा : आठवडाभर ढग, मुळाशी पाणी, फार लांबलेली पाण्याची पाळी किंवा सावली. फूल ते फुटलेलं बोंड हा प्रवास आपल्या थंडीत दोन महिन्यांच्या आसपास चालतो, त्यामुळे कापूस मुख्यतः जानेवारी ते एप्रिल या काळात येतो.

काय बिघडतं

पानांच्या कडा खाली वळल्या, पिवळ्या पडून मग लालसर झाल्या, तर तुडतुडे. देवकापसाला हे फार लागतात, कारण त्याचं पान बिनलवेचं आहे. शेतातल्या हिर्सुटमच्या नावाचा अर्थच केसाळ असा आहे, आणि पानावरची लव तुडतुड्यांना अडवते. इथे ती ढाल नाही. पाच टक्के निंबोळी अर्क फवारा : लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम भरडलेली निंबोळी, रात्रभर भिजवून फडक्याने गाळायची, त्यात दोन ग्रॅम साबण. फवारा संध्याकाळी आणि पानांच्या पाठीला. दर आठ-दहा दिवसांनी, तीन वेळा. अर्क त्याच दिवशी वापरायचा, उरलेला ठेवून उपयोग नाही.

पिठ्या ढेकूण जास्वंदीवरून येतो. जास्वंद, भेंडी, अंबाडी आणि कपाशी एकाच कुळातल्या, म्हणून त्यांच्या किडीही सामाईक. जास्वंद शेजारी असेल तर आधी ती तपासा. शेंड्यावर पांढरं पीठ दिसताच तेवढा शेंडा कापून जाळा, बाकीच्या फांद्यांवर जोराची पाण्याची धार मारा आणि मुंग्यांची वाट तोडा, कारण मुंग्या या ढेकणांना जपतात. पिठ्या ढेकणांत काही तांबूस, फुगलेले, टणक दिसले तर फवारणी थांबवा. त्यांच्या आत एक बारीक गांधीलमाशी वाढत असते आणि पुढचं काम तीच करते.

नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे चुनखडीच्या जमिनीत होतं. झाडाला लोह उचलता येत नाही. लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेट, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा. जुनी पानं थंडीत लाल होत असतील आणि तुडतुडे नसतील, तर तो लाल्या. लिटरला दहा ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी करा. हे दोन्ही एकात एक मिसळू नका.

फुटलेल्या बोंडावर लाल-काळे ढेकूण जमले तर रुईवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत. सकाळी गारठ्यात ते सुस्त असतात. साबणाच्या पाण्याची बादली खाली धरून फांदी झटका. फुटलेलं बोंड झाडावर दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवलं नाही तर ते जमतच नाहीत.

गुलाबी बोंडअळीबद्दल मात्र हलगर्जी नको. फूल उमलायच्या ऐवजी पाकळ्या पीळ पडून गुंडाळलेल्या राहिल्या, म्हणजे डोमकळी दिसली, की आत अळी आहे. ती रोज तोडून जाळा. बाहेरून निरोगी दिसणारं बोंड एखाददुसरं चिरून बघत जा. अळीचं भोक बुजून जातं, त्यामुळे वरून कळत नाही. पक्षी, मधमाश्या आणि लहान मुलं ज्या परड्यात वावरतात तिथे कडक कीटकनाशकं नकोत. एक कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारा) आणि हाताने केलेली वेचणी घरच्या झाडाला पुरते. आणि जत किंवा आणखी कुठे तुमच्या घराजवळ कपाशीची शेतं असतील, तर तुमची जबाबदारी मोठी आहे. शेतकरी पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली कपाशीची झाडं) काढून टाकतो तेव्हा ही अळी बारमाही झाडावर आसरा घेते आणि पुढच्या हंगामात परत त्याच्या शेतात उतरते. पुढे सांगितलेली छाटणी त्यासाठीच चुकवायची नाही.

छाटणी

एप्रिल संपता संपता, वळवाचे मोठे पाऊस सुरू व्हायच्या आत, सगळी बोंडं, हिरवीसुद्धा, उतरवा. हिरवी बोंडं टाकताना जिवावर येतं, पण ठेवू नका. मग धारदार कात्रीने प्रत्येक फांदी सांगाड्यापासून वीतभर ठेवून कापा. झाड कमरेएवढं उरलं पाहिजे. काप तिरका घ्या, म्हणजे पाणी थांबत नाही. छाटलेलं सगळं, वाळलेल्या बोंडांच्या टरफलांसह, त्याच दिवशी जाळा. महिना-दोन महिने झाडावर पातं नाही की बोंड नाही, अशी स्थिती आली की अळीची साखळी तुटते. पावसाळ्यात छाटणी केली तर कापातून ओल शिरून फांदी वरून खाली वाळत येते, आणि हिवाळ्यात केली तर त्या वर्षीचा कापूस गेला.

चार-पाच वर्षांनी बोंडं लहान पडू लागतात. त्याच्या आधीच्या वर्षी नवीन रोप तयार ठेवा.

वेचणी आणि बी राखणं

दव उडाल्यावर, पण ऊन कडक व्हायच्या आत वेचा. दवात वेचलेला कापूस पिवळा पडतो, आणि दुपारी वाळलेल्या पानांचा चुरा रुईला चिकटतो. बोंड न तोडता तिन्ही कप्प्यांतला कापूस बोटांनी उपसा. दोन दिवस सावलीत पसरून सुकवा आणि सुती पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको. एका चांगल्या बोंडातून सरकीसकट दोन-तीन ग्रॅम कापूस निघतो आणि त्यात रुई साधारण तिसरा हिस्सा. म्हणजे दीडशे बोंडं आली तर शंभर-दीडशे ग्रॅम रुई. ऐकायला थोडी, वातीत मोजाल तर पुष्कळ.

जवळपास दुसरी कपाशी असेल तर मधमाश्या परागकण इकडचे तिकडे करतात आणि पुढच्या पिढीत लवदार सरकी, सुट्या बिया असं काहीतरी निघतं. वाण शुद्ध ठेवायला सोपी युक्ती आहे. उद्या उमलणारी कळी आदल्या संध्याकाळी ओळखू येते. ती लांबट होऊन हिरव्या पानांच्या बाहेर डोकावते. तिच्या टोकाला दोऱ्याची गाठ मारा, म्हणजे पाकळ्या उघडत नाहीत आणि फूल आतल्या आत स्वतःच्याच परागाने फळतं. त्याच दोऱ्याचं टोक देठाला बांधून ठेवा, बोंड ओळखायला. अशी दहा-बारा बोंडं बियाण्यासाठी पुरतात. उरलेली सरकी कोंबड्यांना, वासरांना किंवा करडांना घालू नका. तिच्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं आणि ते त्यांना बाधतं.

वात वळताना

रुई धुऊ नका. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. त्यामुळे तो पाण्यावर तरंगतो, पण तेल झटकन ओढतो, आणि वातीला तेच हवं. फक्त बोटांनी ओढून, उलगडून, कचरा काढत हलकी पिंजा.

समईच्या वातीसाठी वीतभर रुई सैल लांबवा, बोटांना किंचित भस्म किंवा दुधाचा हात लावा आणि तळहातावर एकाच दिशेने वळा. देवकापसाचा धागा लांब असल्याने कमी पिळातही वात सुटत नाही, म्हणून बाजारच्या कापसाच्या सवयीने आवळू नका. फार पीळ बसला की तेल वर चढत नाही आणि ज्योत मंद होते; फार सैल राहिली तर ती काजळी धरते. वळलेली वात दोन बोटांत दाबली असता किंचित दबली पाहिजे.

फुलवातीला नखाएवढा पुंजका घ्या, तो तळव्यावर गोल पसरवा, मधोमध चिमटीत धरून वर ओढा आणि फक्त टोकाला पीळ द्या. खालचं फूल मोकळंच राहू द्या, तूप तिथे मुरतं.

वस्त्रमाळेला रुईची पातळ लड काढायची आणि हळदीच्या ओल्या बोटांनी दर दोन बोटांवर पिळून मधला भाग फुगीर ठेवत जायचं. पिळलेल्या जागी कुंकवाचं बोट लावायचं. लड काढताना ती मधेच तुटत असेल तर रुई अजून ओलसर आहे. आणखी एक दिवस सावलीत ठेवा.